बर्लिनचा आखूड झगा आणि तपकिरी सदरा

दोन महायुद्धांच्या मधल्या बर्लिनचा विषय निघाला की चर्चा बघता बघता बायकांच्या कपड्यांवर येऊन ठेपते. छायाचित्रं ठरलेली असतात : मानेपर्यंत कापलेले केस, कपाळावर ओढून घेतलेली घंटेच्या आकाराची टोपी, गुडघ्याशी संपणारा सरळ झगा, बोटांत सिगारेट. तटही ठरलेले असतात. एकांना त्यात स्त्रीमुक्तीचा सुवर्णकाळ दिसतो, जो हिटलरने बुडवला. दुसऱ्यांना त्यातच हिटलरचं कारण दिसतं : शहर नासलं, बायकांनी लाज सोडली, म्हणून वैतागलेली साधी माणसं त्याच्यामागे गेली. भांडण कडाक्याचं असलं तरी एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे आणि सगळा घोळ तिथेच आहे. ते कपडे रात्रीचे होते, नाचघरातले, कॅबरेतले, मद्याच्या पेल्याशेजारचे होते, असं दोघंही धरून चालतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. तो आखूड झगा मुख्यतः सकाळच्या गाडीचा पोशाख होता, पगारावर जगणाऱ्या मुलींचा पोशाख होता. त्याचं बरंवाईट ठरवायचं तर पगार, शिवणयंत्र आणि कायदा यांच्या हिशेबात ठरवावं लागेल. आणि त्या शहरात कपड्यांवरून राजकारण वाचायचंच असेल, तर बायकांचे गुडघे सोडून पुरुषांच्या सदऱ्यांकडे बघावं लागेल.

आधी रस्त्यावर कोण चालत होतं ते पाहू. 19 जानेवारी 1919 रोजी जर्मन बायकांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. 1920 मध्ये आजूबाजूची गावं आणि शहरं सामावून घेऊन बृहद् बर्लिन उभं राहिलं, लोकसंख्या 38 लाखांच्या घरात. युद्धाच्या काळात कारखाने आणि कचेऱ्या बायकांनी सांभाळल्या होत्या. पुरुष परतल्यावर त्यांतल्या अनेकींना घरी बसवलं गेलं, पण कचेऱ्यांची गरज वाढतच राहिली. 1925 च्या जनगणनेत जर्मनीत सुमारे 15 लाख बायका कारकून, टंकलेखिका, दुकानातल्या विक्रेत्या अशा नोकऱ्यांत होत्या, 1907 च्या जवळजवळ तिप्पट. बर्लिन हे त्यांचं मोठं केंद्र. बँका, विमा कंपन्या, टेलिफोनची केंद्रं, उल्श्टाइनसारखी प्रकाशनगृहं, वेर्टहाइम आणि टिट्झची अजस्र दुकानं आणि 1929 पासून हेर्मानप्लाट्झवरचं कारश्टाट, जिथून थेट भुयारी रेल्वेच्या स्थानकात उतरता येत असे.

फ्रीडरिश झायडनष्ट्युकर नावाच्या छायाचित्रकाराने याच काळात बर्लिनच्या रस्त्यांवर पावसाच्या डबक्यांवरून उड्या मारणाऱ्या बायका टिपल्या आहेत. बाई हवेत आहे. एक पाय पुढे, एक मागे, पायांत टाचेचे बूट, झग्याची कड गुडघ्यापाशी उडालेली. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या, घोट्यापर्यंत पोचणाऱ्या झग्यात ही उडी मारून दाखवावी कुणीतरी. या चित्रात मोहवणं नाही, मिरवणं नाही. तिला पलीकडे जायचं आहे, वेळेत पोचायचं आहे आणि बूट भिजू द्यायचे नाहीत, कारण दुसरा जोड घरी असेलच असं नाही. त्या काळाबद्दल बोलताना कॅबरेतल्या नर्तकीचं चित्र पुढे करणारे या उडीकडे का बघत नाहीत?

त्या झग्याचा घाट असा का झाला, याचं उत्तर पॅरिसच्या लहरीत शोधायची आपल्याला सवय आहे. पॅरिसचा हात होताच. पण बर्लिनमध्ये हाउसफोग्टायप्लाट्झ या चौकाभोवती तयार कपड्यांचा प्रचंड धंदा एकवटलेला होता. 1830 च्या दशकात मानहाइमर, गेर्सन अशा ज्यू व्यापाऱ्यांनी त्याचा पाया घातला आणि पुढे तिथला माल हॉलंड, स्कँडिनेव्हिया, इंग्लंडपर्यंत जाऊ लागला. इथली माणसं पॅरिसला जाऊन नमुने घेऊन येत आणि त्यांतला फापटपसारा काढून टाकत. कमरेला आवळणं नाही, छातीला घडवणं नाही, खांद्यापासून सरळ खाली उतरणारं कापड. अशा झग्याचे शेकडो नग एकदम बेतता येतात आणि थोड्याफार वेगळ्या बांध्याच्या बायकांनाही ते बसतात. कॉर्सेटवर, म्हणजे कंबर आवळणाऱ्या आतल्या कपड्यावर, चढवायचा जुना झगा अंगाबरहुकूम बेतणाऱ्या कसबी हाताशिवाय जमत नसे. हा नवा झगा घरी शिवता येत होता. उल्श्टाइन कंपनी कपडे बेतण्याचे छापील कागद विकत असे आणि तिची जाहिरात सांगत असे, ब्रिगिट्टे, काटकसर कर, उल्श्टाइनचेच नमुने घे. रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरायचा, टाचण्या लावायच्या, कापायचं, आईच्या यंत्रावर दोन बाजू जोडायच्या आणि सोमवारी तोच झगा घालून कचेरी गाठायची. खरं रेशीम परवडत नसे, म्हणून मोजे कृत्रिम रेशमाचे. ते नको इतके चकाकत, म्हणून मुली पायांवर पावडर फासत. केसांचंही तेच. लांब केस धुवायला, वाळवायला, विंचरून बांधायला फुरसत लागते आणि गरम पाणी लागतं. बर्लिनच्या मागच्या चौकांतल्या चाळींत, जिथे संडास जिन्यात आणि एका खोलीत सगळं घर, तिथे या दोन्ही गोष्टी चैनीच्या होत्या. आखूड केस ही सोय होती. त्या सोयीला एक रूप होतं आणि ते मुलींना आवडत होतं, यात कमीपणा काय?

या सगळ्यातून एक नवीच गोष्ट घडली. लांबून पाहिलं तर बँकेच्या संचालकाची मुलगी कोणती आणि त्याच बँकेतली टंकलेखिका कोणती, हे सांगणं अवघड झालं. कापडाला हात लावला की कळे, पण रस्त्यात हात लावून कोण बघतो? न्युरेंबर्गसारख्या जुन्या जर्मन शहरांत एके काळी पोशाखाचे कायदे असत. कुणाच्या बायकोने कोणतं रेशीम नेसावं, कोणती फर लावावी, किती दागिने घालावेत, हे नगरसभा ठरवी, कारण माणूस दुरूनच ओळखू यावा. ते कायदे कधीच मोडीत निघाले होते, पण ती अपेक्षा जिवंत होती. 1920 च्या दशकात प्रतिष्ठितांना जो राग आला त्यात नीतीची भाषा पुष्कळ असली, तरी माझ्या मते त्याचं मूळ इथे होतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते नीतिवाल्यांचं नाही, डाव्यांचं आहे. ते म्हणतात, ही मुक्ती दुकानात विकत मिळणारी होती. मुलींना मालकाने राबवलं, जाहिरातदाराने भुलवलं आणि त्यांनी उपाशी राहून मोजे घेतले. यात बरंच खरं आहे. बऱ्याच जणींचा पगार महिन्याला दीडशे मार्कांच्या आत असे आणि त्याच कामाला पुरुषाला जास्त मिळे. झीगफ्रीड क्राकाउअर या पत्रकाराने 1929 मध्ये बर्लिनच्या पगारदारांवर लेखमाला लिहिली. एका मोठ्या दुकानातल्या नोकरभरतीच्या अधिकाऱ्याला त्याने विचारलं की चांगलं दिसणं म्हणजे नेमकं काय बघता? सुंदरच असायला हवी असं नाही, तो म्हणाला, महत्त्वाचा आहे तो ‘नैतिक-गुलाबी’ वर्ण. पांढरे केस दिसले तर नोकरी जाईल म्हणून केस रंगवणारी, बारीक राहण्यासाठी व्यायाम करणारी चाळिशीतली माणसं त्याला भेटली. आणि हे कपडे शिवणाऱ्या बायकांची दशा तर याहून वाईट. हाउसफोग्टायप्लाट्झच्या कंपन्या कापड मधल्या मुकादमाकडे देत, तो ते घरोघरच्या शिवणाऱ्यांना देई आणि प्रत्येक हातात पैसा थोडा गळत जाई. फेब्रुवारी 1896 मध्ये बर्लिनच्या हजारो शिवणकामगारांनी, त्यांत बहुसंख्य बायका, याविरुद्ध संप केला होता. पण मुकादमीची पद्धत त्यानंतरही टिकून राहिली.

हे सारं मान्य करूनही डाव्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. कारण क्राकाउअरने जे दाखवलं त्यातून त्यांच्या म्हणण्याच्या उलटंच सिद्ध होतं. दिसण्यावर नोकरी अवलंबून असेल, तर पावडर आणि मोजे हा उथळपणा कसा? ती त्या मुलीची हत्यारं होती आणि मालकाने ती तिला तिच्याच पगारातून घ्यायला लावली. दोष द्यायचाच तर त्या मालकाला द्या. शिवाय तुलना कशाशी करायची, हा प्रश्न राहतोच. या मुलींच्या आयांपुढे काय पर्याय होता? बर्लिन ज्यात येत होतं त्या प्रशिया राज्यात 1810 पासून घरकामाच्या नोकरांसाठी वेगळे कायदे होते. बाई मालकाच्या घरात, मालकाच्या शिस्तीत राही. तिची संध्याकाळ तिची नसे. ते कायदे नोव्हेंबर 1918 च्या क्रांतीत रद्द झाले आणि त्याच महिन्यात आठ तासांच्या दिवसाची घोषणा झाली. सहा-सात वाजता कचेरी सुटल्यावर जिथे हवं तिथे जायची मोकळीक असलेली गरीब घरची तरुण मुलगी, ही युरोपात अगदी नवी घटना होती. जान मामेन या चित्रकर्तीने कुरफ्युर्स्टेनडाम या बर्लिनच्या प्रसिद्ध रस्त्यावरच्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीतून खाली उतरून कॅफेंत, रस्त्यांवर अशा मुलींची शेकडो चित्रं काढली. त्या नेहमी आनंदी दिसत नाहीत. दमलेल्या आहेत, कधी कंटाळलेल्या आहेत, दोघी दोघी बसून कुणाला तरी न्याहाळत आहेत. पण त्या तिथे बसल्या आहेत, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या कॉफीसमोर.

दुसरा आक्षेप संख्येचा. अशा मुली होत्या किती? जर्मनीत तेव्हा जवळजवळ एक कोटी पंधरा लाख बायका कामावर होत्या, त्यांत या पंधरा लाख. बाकीच्या शेतावर, कारखान्यात, परक्या घरी राबत होत्या आणि घरकाम करणाऱ्या गृहिणी तर मोजणीतच नाहीत. शिवाय या पंधरा लाखांतल्याही बहुतेक जणी अविवाहित, विशीतल्या, आईवडिलांकडे राहणाऱ्या. लग्न झालं की नोकरी बहुधा सुटे. हाही आक्षेप खरा आहे, फक्त तो फॅशनवर नाही. नोकरी का सुटे? राज्यघटनेने 1919 मध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांविरुद्धचे भेदाचे नियम रद्द केले. ऑक्टोबर 1923 मध्ये खर्चकपातीच्या नावाखाली विवाहित बायकांना सरकारी सेवेतून काढायची वाट पुन्हा मोकळी झाली. 30 मे 1932 च्या कायद्याने पुन्हा तेच केलं. घरात दोन पगार कशाला, ही तेव्हाची लोकप्रिय घोषणा होती आणि हिटलर अजून सत्तेत नव्हता. ते स्वातंत्र्य अल्पायुषी ठरलं ते अशा कलमांमुळे. केसांच्या लांबीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता नीतिवाल्यांकडे वळू. युद्धानंतरच्या बर्लिनमध्ये वेश्याव्यवसाय होता, कोकेन होतं, भुकेपोटी स्वतःला विकणारी मुलं-मुली होती. हे नाकारणारा खोटं बोलतो. पण नोव्हेंबर 1923 मध्ये एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते. आयुष्यभराची बचत एका पावाच्या किमतीची उरली होती. त्या वर्षी जे शरीर विकलं गेलं त्याला झग्याची लांबी कारण, असं म्हणायला फार धाडस लागतं. आणि ‘बर्लिन नासलं म्हणून हिटलर आला’ हे जर खरं असेल, तर सगळ्यात जास्त चिडलेली माणसं बर्लिनमध्ये सापडायला हवीत. ही सगळी ‘घाण’ रोज त्यांच्याच दारापुढून जात होती. जुलै 1932 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला देशभरात 37 टक्क्यांहून अधिक मतं मिळाली. बर्लिन शहरात तीस टक्क्यांच्याही आत. आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या शेतीप्रधान प्रांतात 51 टक्के. ज्यांनी रोज आखूड झगे पाहिले त्यांनी हिटलरला कमी मतं दिली. ज्यांनी बहुधा फक्त ऐकले, त्यांनी जास्त दिली. तिथे शेतमालाचे भाव कोसळले होते, कर्जं फुगली होती, जप्त्या येत होत्या. बर्लिनविषयीची घृणा ही तिथे पोचवलेली गोष्ट होती. वर्तमानपत्रांतून, सभांतून, प्रवचनांतून. मतांवरून सगळंच सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, पण ज्यांचा दावा आहे त्यांनी निदान या आकड्यांना उत्तर द्यायला नको का?

त्या शहराच्या रस्त्यावर एक कपडा खरोखर धोक्याचा होता. तो होता हिटलरच्या एसए या निमलष्करी दलाचा तपकिरी सदरा. प्रशियाच्या सरकारने जून 1930 मध्ये त्यावर बंदी घातली, तेव्हा ही मंडळी पांढरे सदरे घालून संचलन करू लागली. 12 सप्टेंबर 1931 च्या संध्याकाळी, ज्यू नववर्षाच्या दिवशी, एसएचे शेकडो तरुण कुरफ्युर्स्टेनडामवर उतरले आणि ज्यू वाटतील त्या वाटसरूंना त्यांनी मारहाण केली. ज्या रस्त्याला आपण सैल नीतीचा रस्ता म्हणून ओळखतो, तिथे त्या दिवशी अब्रू कुणी घालवली? एप्रिल 1932 मध्ये या दलावरच बंदी आली. जूनमध्ये पंतप्रधान फ्रान्झ फॉन पापेन यांनी ती उठवली. 17 जुलै रोजी हाम्बुर्गशेजारच्या अल्टोनात एसएच्या मोर्चात गोळीबार होऊन 18 माणसं मेली. तीन दिवसांनी पापेन यांनी त्याच दंगलीचं निमित्त करून प्रशियाचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं आणि फ्रान्झ ब्राख्ट यांना तिथे बसवलं.

या ब्राख्ट यांनी लवकरच काय केलं ते प्रत्येकाने वाचावं. देशात बेकार पन्नास लाखांहून अधिक, रस्त्यात माणसं मरत आहेत आणि ऑगस्ट-सप्टेंबर 1932 मध्ये प्रशियाचं गृहखातं पोहण्याच्या कपड्यांवर आदेश काढतं. बाईच्या पोशाखाने छाती आणि पोट समोरून पूर्ण झाकलं पाहिजे, काखेखाली तो घट्ट बसला पाहिजे, पाठीचा गळा खांद्याच्या हाडांच्या खाली जाता कामा नये, मांड्यांच्या मध्ये कापडाची जोडपट्टी हवी. लोक हसले, व्यंगचित्रं निघाली. मला मात्र यात हसण्यासारखं काही दिसत नाही. एकाच राजवटीने एका उन्हाळ्यात मारेकऱ्यांचा सदरा मोकळा सोडला आणि वान्झेच्या तळ्यावर पोहणाऱ्या टंकलेखिकेच्या पाठीचं माप घेतलं. नीती आणि हिंसा यांचा संबंध शोधणाऱ्यांनी तो इथे शोधावा.

बाईच्या केसांचा आणि कपड्यांचा वाद क्षुल्लक आहे, इतिहासाच्या गंभीर चर्चेत त्याला जागा नको, असंही काही जण म्हणतात. केशवपनाचा इतिहास ज्या भाषेत लिहिला गेला, त्या भाषेच्या वाचकाने तरी हे म्हणू नये. केस कुणी ठेवायचे, कुणी कापायचे आणि ते कोण ठरवणार, यावर आपल्याकडे आयुष्यं उद्ध्वस्त झाली आहेत. आणि तेव्हाच्या बर्लिनशी आपला एक थेट धागाही आहे. इरावती कर्वे 1928 ते 1930 या काळात तिथे होत्या, दालेम भागातल्या मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. 1927 मध्ये उघडलेल्या या संस्थेच्या नावातच सुप्रजननशास्त्र, म्हणजे माणसांची पैदास ‘सुधारण्याचं’ तथाकथित शास्त्र, होतं. फिशर यांना वंशांची उतरंड शास्त्राने सिद्ध करायची होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि त्या मापांतून तसा निष्कर्ष निघत नाही, असं प्रबंधात मांडलं. शहराच्या एका टोकाला कॅफेंतल्या मुलींच्या नावाने बोटं मोडली जात होती, तेव्हा दुसऱ्या टोकाला नीटनेटके कोट घातलेले प्राध्यापक सरकारी अनुदानावर माणसांची प्रतवारी लावत होते. पुढे याच संस्थेने नाझी राजवटीची सेवा केली. अधःपतन म्हणायचं तर यातल्या कशाला म्हणायचं?

राहिला प्रश्न 1933 नंतर काय झालं याचा. सुवर्णकाळवाल्यांना वाटतं की नाझी आले आणि बर्लिनच्या बायका वेण्या घालून, खेडवळ पोशाख चढवून फिरू लागल्या. प्रचारात तसं होतं, रस्त्यावर नव्हतं. झगे 1930 च्या सुमारास पॅरिसच्या चालीप्रमाणे आधीच लांबले होते. आखूड केस, लिपस्टिक, कुरळे करण्याची यंत्रं पुढेही चालू राहिली. उल्श्टाइनचं ‘दी दामं’ हे झगमगीत मासिक मालकांकडून हिसकावून घेतल्यावरही 1943 पर्यंत निघत होतं. बदललं ते दुसरंच. जून 1933 च्या कायद्याने नवविवाहितांना हजार मार्कांपर्यंत कर्ज देऊ केलं, अट अशी की बायकोने नोकरी सोडावी. त्याच वर्षी कपड्यांच्या धंद्यातून ज्यूंना हुसकावण्यासाठी आडेफा नावाचा कारखानदारांचा संघ निघाला आणि 1939 मध्ये, काम फत्ते झाल्यावर, तो बंद करण्यात आला. हाउसफोग्टायप्लाट्झच्या कंपन्या लुटल्या गेल्या, मालक परागंदा झाले किंवा मारले गेले. इव्हा या नावाने काम करणाऱ्या एल्झं नॉयलेंडर-झिमोन या त्या काळच्या नामवंत फॅशन छायाचित्रकार. त्यांच्या श्ल्युटरश्ट्रासेवरच्या स्टुडिओत पुढे जगप्रसिद्ध झालेला हेल्मुट न्यूटन उमेदवारी करत होता. 1938 मध्ये त्यांना काम बंद करावं लागलं, मग ज्यू रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात त्या राबल्या आणि 1942 मध्ये पूर्वेकडे धाडून त्यांची हत्या करण्यात आली. त्या वर्षीही बर्लिनच्या मासिकांत आखूड केसांच्या हसऱ्या बायका छापून येत होत्या. हिटलर त्या फॅशनवरच्या संतापातून आला असं ज्यांना आजही वाटतं, त्यांनी एवढंच समजावून सांगावं : मग फॅशन टिकली आणि ती घडवणारी माणसंच का मारली गेली?